भोंगा सरांचं मौन

पोहण्याच्या तलावावर त्यांना सगळे भोंगा सर म्हणत. शिकवायची त्यांची पद्धत एकच, काठावर उभं राहून ओरडायचं. सरांनी या टोकाला "पाय मार" म्हटलं की त्या टोकाला नुसते तरंगत पडलेले आजोबाही पाय मारायला लागत.

धाकट्या लेकीने कान आणि वाचेचा अभ्यासक्रम निवडला तेव्हा सर म्हणाले होते, "बोलायला शिकवायला डिग्री कशाला? माणसांत टाकलं की मूल आपोआप बोलतं." लेक वाद न घालता शिकली आणि दवाखान्यात लागली. काही वर्षांनी सरांचाच आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग नुसती हवा येऊ लागली.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. "ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गाठी आल्यात. ऑपरेशन नको, वाचा-उपचार घ्या." आणि त्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं. दारावर लेकीच्या नावाची पाटी होती.

"दुसरं कुणी?" सरांनी कसंबसं विचारलं.

"शेजारच्या गावात आहेत एक बाई. पण त्याही अडलं की हिलाच फोन करतात."

लेकीने बापाला पेशंटच्या खुर्चीत बसवलं. आधी आठवडाभर मौन, मग व्यायाम. मौनात सरांनी घरी शिट्टी वापरून पाहिली. चहासाठी फुंकली, तर शेजारी दार उघडून बाहेर आले. सरांची बायको मात्र पाठमोरी कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

आठवड्याने लेकीने पेल्यात पाणी ओतून नळी ठेवली. "ऊ म्हणत बुडबुडे काढा."

सर बघतच राहिले. पाण्याला भिणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी ते हेच करायला लावत.

"खांदे सैल, बाबा. जोर कशाला? पाणी कुठे पळून जात नाही."

हे वाक्यही त्यांचंच होतं. त्यांनी निमूटपणे बुडबुडे काढले.

हळूहळू आवाज परतला. लेकीने बजावलं, आता कायम हळू बोलायचं. त्या संध्याकाळी सर बायकोला म्हणाले, "चहा टाकतेस?"

"टॉवेल तारेवर आहे," ती म्हणाली.

सरांनी तीनदा विचारलं आणि तीनदा टॉवेलच मिळाला. ही मुद्दाम करते, अशी तक्रार घेऊन ते लेकीकडे गेले. लेकीने आईला तपासणीच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आई हसतमुखाने बसून राहिली. अर्धी तपासणी झाल्यावर म्हणाली, "सुरू कधी करणार?"

दोन्ही कान बरेच गेले होते. लेकीने ऐकायची तात्पुरती यंत्रं लावून दिली.

"म्हणजे घरी मी एवढं ओरडायचो, ते..." सर पुटपुटले.

"तुम्ही ओरडायचात?" आईला आता लख्ख ऐकू येत होतं. "मला वाटायचं, नवरा फार मृदू बोलणारा मिळालाय. सगळ्या मैत्रिणींना सांगून बसलेय मी."

लेकीने चेहरा संगणकामागे लपवला.

घरी आल्यावर आईला फ्रिज गुरगुरताना ऐकू आला आणि नवरा चहा फुरकून पितो हेही कळलं. मग दोघं स्वयंपाकघरात एकमेकांजवळ बसून बोलत राहिली. बऱ्याच वर्षांचं साठलेलं असावं. थोड्या वेळाने लेक दारातून सवयीने मोठ्याने काही विचारायला गेली, तर दोघांनी एकदमच तिला म्हटलं, "जरा हळू."