जावईबापूंनी बंद केलेलं फोल्डर

या, असे पुढे सरकून बसा. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याला सगळं कळत होतं, फक्त तोंड उघडत नव्हतं.

हा भला माणूस दगडावर अक्षरं कोरून देणाऱ्या कारखान्याचा मालक. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या शेडमध्ये कोरायचं यंत्र, मध्ये भिंतीला ठोकलेली एक वायर. पुढे मजकूर जुळवून एका फोल्डरमध्ये ठेवायचा. यंत्र वायरीतून त्यात डोकवायचं, मजकूर उचलायचं आणि कोरायला लागायचं. पासवर्ड नाही, विचारणं नाही. शेजारीण मागच्या दारानं येऊन वाटीभर साखर घेऊन जाते ना, तसा कारभार.

मग जावई सुट्टीला आले. ते कॉम्प्युटरचंच काहीतरी करायचे. नेमकं काय, हे सासूबाईंना सांगता यायचं नाही, पण न सांगताही त्यांची मान ताठ व्हायची. जावईबापूंनी बसल्या बसल्या जुना कॉम्प्युटर जिन्याखाली ढकलला आणि नव्या सिस्टिमचा नवा मांडला. पडद्यावर निळ्या डोंगराचं चित्र आलं. घरच्यांनी डोंगराचं कौतुक केलं. मागे यंत्र गप्प.

"फोल्डर दिसत नाही म्हणतंय," यंत्रावरचे काका दारात येऊन म्हणाले.

"दिसणार नाहीच," जावईबापू प्रसन्नपणे म्हणाले. "बिनपासवर्डची देवाणघेवाण नव्या सिस्टिमनं बंदच केलीय. केवढी सुरक्षा आहे बघा."

"मग यंत्राला पासवर्ड द्या."

"त्याला पासवर्ड घेताच येत नाही, काका. यंत्र जुनाट आहे. दोष त्याचा."

काकांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी डोंगराकडे पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, जिन्याखालचा कॉम्प्युटर आणून पुन्हा वायर जोडायची, झालं. मालकांनाही हे तेव्हाच सुचलं होतं. पण तसं करणं म्हणजे जावयाच्या तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणणं. लेकीला काय वाटेल? तिला सासरी काय ऐकावं लागेल? मालकांनी मिठाची गुळणी धरली. शनिवारी सुट्टी संपते, जातील आपोआप.

पण बायकोच्या नावाची शिळा कोरायला देऊन गेलेले शाळेचे मास्तर शुक्रवारीच गाव सोडणार होते. बायको गेल्यावर घर आवरून ते लेकीकडे निघाले होते, कायमचे. शाळेच्या आवारात बायकोनं लावलेलं एक झाड होतं. त्याखाली तिच्या नावाची शिळा बसलेली डोळ्यांनी पाहायची आणि मग गाडीत बसायचं, एवढंच त्यांचं मागणं.

"दगडाला चीर निघाली हो, मास्तर," मालक म्हणाले.

मास्तरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी हातगाडीवर नवा दगड लादून घामाघूम हजर.

"हा घ्या. ठोकून, वाजवून आणलाय."

मालकांनी दगडावरून हात फिरवला. "वा. पण काय आहे, अक्षरांचं वळण काही मनासारखं जमत नाहीये."

मास्तर तिथेच खुर्ची ओढून बसले. पट्टीनं रेघा आखून त्यांनी बायकोचं नाव काढलं. वेलांटीपाशी हात जरा रेंगाळला. "ती अशी गोल काढायची," म्हणाले.

गुरुवारी मालकांपाशी सबब उरली नाही. मास्तर समोर बसलेले. जावईबापूच मदतीला धावले.

"तुमच्याच भल्याचं आहे, मास्तर. उघड्या फोल्डरमधून कुणीही काहीही चोरून नेईल."

मास्तरांनी खरोखरच विचार केला. "माझ्या बायकोचं नाव चोरायला कोण येणार होतं?"

"प्रश्न तुमच्या बायकोचा नाही, धोरणाचा आहे."

मालकीणबाईंना राहवेना. "अहो, जिन्याखालचा तो..."

"मास्तरांना पाणी आण," मालक म्हणाले.

पाणी पिऊन मास्तर उठले. "मी नसलो तरी बसवाल ना?"

"बसवतो."

शुक्रवारी मास्तर गेले. शनिवारी जावईबापू गेले, आणि त्यांची गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच मालक जिन्याखाली शिरले. संध्याकाळपर्यंत शिळा कोरून झाली. सुरेख झाली. झाडाखाली बसवली, फोटो काढला. जावईबापूंनी फोनवर बजावलं, "साधा पाठवू नका, बाबा. मी सुरक्षित लिंक पाठवतो मास्तरांना."

लिंक गेली. ती उघडायला मास्तरांनी खातं काढायचं, पासवर्ड ठरवायचा, आणि मग चित्रांतले सिग्नल ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं. मास्तरांचा फोन आला.

"मालक, मी माणूस आहे हे काही त्याला पटत नाहीये."

"सरळ तुमच्या फोनवरून पाठवा की," मालकीणबाई शेजारून म्हणाल्या.

"जावयांना वाईट वाटेल," मालक हातानं फोन झाकून कुजबुजले.

मग फोन कानाला धरूनच ते शाळेच्या आवारापर्यंत चालत गेले आणि झाडाखाली उकिडवे बसून मास्तरांना एकेक अक्षर वाचून दाखवू लागले. "वेलांटी तुम्ही काढलीत तशीच आलीय," म्हणाले. उशीर कुणामुळे झाला, हे मास्तरांनी विचारलं नाही, आणि मालकांनी तेव्हाही सांगितलं नाही.

मालकांची आठवण ठेवा असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासारखे आपण सगळेच आहोत. पण आज दिवा लावून हात जोडाल तेव्हा त्या मास्तरांना आठवा. स्वतः दगड ओढून आणलेल्या माणसानं ती शिळा अजून पाहिलेली नाही.