धबधब्याच्या वर

अंजनाने पदर कमरेला खोचला आणि फाटकावरच्या वनरक्षकाने पुढे केलेली काठी नको म्हणून परत दिली. हा डोंगर तिच्या पायांना पाठ होता. तीस उन्हाळे तिने इथे तेंदूपत्ता तोडला होता. पोरगा रत्नपाल इथे गाईड झाल्यावर तर सुट्टीच्या दिवशीही तिला वर घेऊन जायचा. ‘लोकायले दाखवतो, मंग तुले नोको का दाखवू?’ म्हणायचा.

मागून गुंजन येत होती. गोंदियाच्या शाळेत शिकवणारी, सत्तावीस-अठ्ठावीसची. दोन वर्षांपूर्वी भादव्यात पाय घसरून ती धबधब्याच्या डोहात पडली. रत्नपालने तिला काठाला लावलं, पण तो स्वतः काही वर आला नाही. तेव्हापासून गुंजन महिन्या-दोन महिन्यांनी सालेकशाला अंजनाच्या घरी यायची, तिच्या गुडघ्यांसाठी तेल आणायची, चुलीपाशी गुमान बसायची. आज पहिल्यांदाच म्हणाली होती, “मावशी, मला वर घेऊन चला.”

दुपारी त्या माथ्यावरच्या खडकावर पोचल्या. पौषातलं पाणी बारीक धारेनं खाली पडत होतं. अंजनाने भात आणि लाखोरीची भाजी वाढली. गुंजनने घासाला हात लावला नाही.

“काऊन जेवत नाही?”

“मावशी, त्या दिवशी माझा पाय घसरला नव्हता.”

अंजनाचा हात डब्यातच थांबला. खालच्या रुळांवरून मालगाडी चालली होती. शेवटचा डबा जाईपर्यंत ती ऐकत राहिली.

“मंग?”

“मीच गेले पाण्यात. जगायचंच नव्हतं. तो ओरडत होता, थांबा म्हणून. मी थांबले नाही.”

अंजना उठली. पन्नासेक पावलांवरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन पाठ करून बसली. तोंडात आलेली शिवी तिने गिळली. जो जीव हिला नको होता, तो वाचवायला माझा पोरगा गेला. पाय घसरला, कोणाचाच दोष नाही, असं सारा गाव म्हणाला होता. तेवढ्या एका बोलण्यावर तिने दोन वर्षं काढली होती. तेही आज गेलं. ती रडली नाही. मुठीत आलेली वाळकी पानं चुरत राहिली.

ऊन कलायला लागलं. मागून काहीच आवाज येत नव्हता. पोरगी एकटी आहे, पाण्यापाशी आहे, हे एकदम ध्यानात आलं तशी अंजना धडपडत उठली आणि पळतच खडकाकडे आली.

गुंजन तिथेच होती. ताटलीतला भात वाळून गेला होता.

“आताही वाट्टे का तसं?” अंजनाला धाप लागली होती.

गुंजनने ताटली बाजूला सारली. “कधी कधी.”

“कोनाले सांगतलं?”

“तुम्हालाच. मावशी, मला माफ...”

“ते मले आज जमत नाही.”

अंजनाने डबा बांधला. दोघी उतरायला लागल्या. अर्ध्यावर वाट अरुंद झाली. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी. अंजना थांबली. गुंजनचा दंड धरून तिने तिला कातळाच्या बाजूला सारलं, आणि स्वतः दरीकडच्या कडेला आली.

“इकडून चाल,” ती म्हणाली. दंड मात्र तिने फाटक येईपर्यंत सोडला नाही.