घारखडकावरचा उत्तररंग

या, असे जवळ सरका. ओट्याला गारठा आहे, घोंगडीचं टोक पायावर ओढून घ्या. कीर्तनात मी नुसता झांज धरणारा, बोलणारा नव्हे. पण आज एक हकिगत सांगतो, आणि ती सांगून झाली की तुमच्याकडे एक मागणं आहे.

समोर धरणाच्या पाण्यात काळा उंचवटा दिसतोय, तो घारखडक. आमचं जुनं गाव त्याच्या पायथ्याशी होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं इकडं काठावर आली. पाण्याच्या वर राहिलं ते खडकावरचं आम्हा ख्रिस्ती लोकांचं कबरस्तान तेवढं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथं कोणीही चालत जातं. गाळपेरात कलिंगडं लावलेली असतात, शेळ्या फिरतात. पण नाताळाच्या सुमारास चारी बाजूंनी पाणी, वर झाड नाही, आडोसा नाही, आणि वारा असा की उभं राहायचं तर पाय रोवावे लागतात. आम्ही जातो ते नेमके तेव्हा.

आमचे कीर्तनकार गिदोनबुवा म्हणायचे, "उन्हाळ्यात माणूस कलिंगडासाठी जातो, वाटेत थडगं लागतं. हिवाळ्यात तिथं घेण्यासारखं काही नसतं. म्हणून ते जाणं खरं."

रीत बुवांनीच घातलेली. नाताळ झाला की कीर्तनाचा पूर्वरंग इकडं काठावर, सगळ्या गावासमोर. मग बुवा आणि मोजकी मोठी माणसं होडीनं खडकावर. लहान लेकरांना होडीत घेत नसत. तिकडं सरपण नाही, म्हणून प्रत्येकानं आपली गोवरी न्यायची. शेकोटीचा धूर दिसला की काठावरच्यांनी पालुपद धरायचं, आणि खडकावर उत्तररंग सुरू व्हायचा. त्यातलं आख्यान काठापर्यंत यायचं नाही, वारा घेऊन जायचा. पण शेवटी बुवा तिथं निजलेल्यांपैकी एकाचं नाव घ्यायचे, पाणी ओलांडेल अशा आवाजात, आणि सगळा काठ ते परत म्हणायचा. हिवाळ्याला एक नाव. दुसऱ्यांचे आईबाप बुवांनी आधी घेतले. आपली आई राहीबाई, तिला अगदी शेवटी ठेवलं.

तिच्या नावाचा हिवाळा आला आणि पूर्वरंग संपताना वारा सुटला. होडीवाला कानिफनाथ म्हणाला, "बुवा, आज पानी आपलं ऐकायचं न्हाई." कीर्तन अर्ध्यावर राहिलं. त्याच थंडीत बुवांना दम्यानं धरलं. त्यांची लेक क्रिस्टीना सावेडीला शाळेत शिकवते, ती त्यांना घेऊन गेली.

पुढच्या नाताळाला दोघं आली, आणि याच ओट्यावर बाप-लेकीचं जुंपलं.

"मे महिन्यात जाऊ ना, पप्पा. जीप थेट पायथ्याला लागते."

"मे महिन्यात तिथं शेळ्या जातात."

"शेळ्या तुमच्यापेक्षा शहाण्या. थंडीत घरी बसतात."

बुवा हसले, हसता हसता खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तुझ्या आजीचं नाव राहिलंय, बाई. ती गेली तेव्हा मी एवढासा होतो. तोंड आठवत नाही तिचं. हात आठवतो, बाजरीच्या ओल्या पिठाचा वास यायचा त्याला. तिला बघितलेला मी एकटा उरलोय. आणि मला तू मे महिना दाखवतेस."

क्रिस्टीना उठली. आत गेली, शाल आणली, दम्याचा पंप आणला, आणि कागदात गुंडाळलेली एक गोवरी.

कानिफनाथ म्हणाला, "ताई, गवरी हाय ती, केक न्हाई."

"तू वल्हं मार," ती म्हणाली.

आम्ही चौघं खडकावर पोचलो. पाण्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, दगडांच्या राशी रचलेल्या कबरी, दुसरं काही नाही. माणसाला आपला श्वाससुद्धा उसना वाटावा अशी ती जागा. शेकोटी पेटली. धूर आधी जमिनीवर लोळला, मग उठला. काठावरून पालुपद आलं, बारीक, दोरा यावा तसं. बुवा उभे राहिले, मी झांज धरली. त्यांनी तोंड उघडलं, पण दम पुरेना. पंप घेतला, पुन्हा उभे राहिले. तरी नाही. पलीकडचं पालुपद थांबलं. काठ वाट बघत होता.

क्रिस्टीनानं त्यांच्या हातातल्या चिपळ्या घेतल्या आणि पूर्वरंगातलं शेवटचं पद म्हटलं. बापाचाच आवाज, जरा कोवळा. पद संपलं आणि ती अडली.

"पुढं काय होतं, पप्पा? मला पूर्वरंगच येतो. मला होडीत कधी घेतलंत तुम्ही?"

बुवा तिच्याकडं बघतच राहिले. जन्मभर पोरीनं अर्धंच कीर्तन ऐकलं होतं, आणि ते त्यांना आज कळत होतं. त्यांनी तिला जवळ बसवलं. मग तिनं त्यांच्या तोंडाशी कान न्यावा, एका श्वासात बसेल एवढी ओळ घ्यावी, आणि उठून ती गावी. आख्यान साधं होतं. हिवाळ्यात गलबत फुटून माणसं एका बेटाला लागतात, भिजलेली, कुडकुडत. बेटावरची माणसं त्यांना नाव-गाव विचारत नाहीत, आधी शेकोटी पेटवतात. ती ओळ आली तेव्हा कानिफनाथनं उरलेली गोवरी उचलून विस्तवावर ठेवली.

नाव घ्यायची वेळ आली. क्रिस्टीना काठाकडं वळली, तर बुवांनी तिचा हात धरला. तिच्या आधारानं उभे राहिले आणि म्हणाले, "राहीबाई." आम्हा तिघांना ऐकू येईल एवढंच. मग क्रिस्टीनानं तेच नाव पाण्यावर सोडलं. थोडा वेळ नुसता वारा. आणि पलीकडून सगळ्या काठानं उत्तर दिलं.

ते विरेपर्यंत बुवा ऐकत राहिले. "पोचली," म्हणाले, आणि खाली बसले.

उन्हाळा लागायच्या आत देवबापानं त्यांना नेलं. आता हिवाळ्याचं कीर्तन क्रिस्टीना करते, आणि होडीच्या पहिल्या खेपेला लेकरं नेते.

आता माझं मागणं. बुवांना आठवायला आम्ही गावभर आहोत. पण राहीबाईला बघितलेलं माणूस आता कोणी उरलं नाही. तुमच्या घरी बाजरीचं पीठ भिजेल, हाताला त्याचा वास येईल, तेव्हा त्या माउलीची एकदा आठवण काढा.