पूर्ण मिनिट

तिने गणवेशावर छातीपाशी उलटं लटकणारं घड्याळ काढलं आणि सिस्टरांच्या टेबलावर ठेवलं. पिन उघडी राहिली होती, ती बंद केली.

"ओळखपत्र?" वॉर्डच्या सिस्टरांनी विचारलं.

तिने तेही ठेवलं. नर्सिंगच्या दोन वर्षांतून परत करायच्या वस्तू एवढ्याच निघाल्या. झोप आणि भूक महिन्यापूर्वीच गेली होती, पण त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

"वडील आलेत ना?"

"बाहेर बाकावर बसलेत. चारची गाडी आहे."

"शिक्षण सोडल्याचा अर्ज मी पुढे पाठवते." सिस्टरांनी घड्याळाकडे एकदा पाहिलं, पण ते खणात टाकलं नाही.

महिन्यापूर्वी सकाळच्या पाळीत तिने आठ नंबरच्या आजोबांचा तक्ता भरला होता. ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास अठरा. पहिले तीन आकडे मोजलेले होते, चौथा नव्हता. त्या वॉर्डात श्वास सहसा कुणी मोजत नसे. मिनिटभर एखाद्याच्या छातीकडे नुसतं बघत उभं राहायला सवड कुणाला होती? "श्वास काय, अठरा लिहून टाक," असं वरच्या वर्गातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तीस खाटा आणि तीसही तक्त्यांवर अठरा. आपले पेशंट कवायतीला उभे असल्यासारखे एका तालात श्वास घेतात, असं म्हणून मुली हसायच्या आणि तीही हसायची.

दोन तासांनी आजोबांचे ओठ निळे पडले. तिसऱ्या दिवशी ते गेले. दुखणंच तसं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तक्त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिनेच सिस्टरांना जाऊन सांगितलं. सांगितल्यावर हलकं वाटेल अशी तिची समजूत होती, ती खोटी ठरली. त्या दिवसापासून ती प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजू लागली. कामं मागे पडायची, बोलणी बसायची आणि डोळे मिटले की आजोबांची छाती दिसायची. शेवटी तिने घरी फोन केला. मला न्यायला या, एवढंच म्हणाली.

बाबा मांडीवर तिची बॅग घेऊन बसले होते. जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेला माणूस, बाकावरही तसाच वाकून बसला होता.

"झालं?"

"झालं."

"मग चल. आईने तुझी खोली..." ते थांबले, श्वास घेतला, "झाडून ठेवलीय. घरी कुणी काही विचारणार..." पुन्हा थांबले, "नाही तुला."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"दम लागलाय का, बाबा?"

"दोन जिने चढून आलोय. लागणार नाही होय?"

"किती वेळ झाला येऊन?"

"अर्धा तास झाला असेल."

जिन्याचा दम अर्ध्या तासात उतरतो. तिचा हात सवयीने छातीशी गेला. तिथे आता पिनेची दोन भोकं तेवढी होती. ती बाबांच्या शेजारी बसली आणि घड्याळ असलेलं त्यांचं मनगट हातात घेतलं. आपला श्वास मोजताहेत हे पेशंटला कळू द्यायचं नसतं. कळलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी धरायची आणि नजर छातीवर ठेवायची.

"गाडीला अजून वेळ आहे," बाबा म्हणाले.

ती मान खाली घालून मोजत होती. मग बाबांनी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

"रडू नकोस गं. होतं असं."

ती रडत नव्हती. त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण वर जात होतं, खाली येत होतं. अठरा झाले तेव्हा सेकंदकाटा जेमतेम अर्ध्याच्या पुढे गेला होता. तिला भीती वाटली. इथेच थांबावं आणि बाबांना घेऊन सरळ गाडी गाठावी, असं अगदी मनापासून वाटलं. ती मोजत राहिली.

"इथेच बसा. उठू नका," असं सांगून ती आत गेली.

सिस्टर अजून टेबलापाशीच होत्या.

"बाबांचा श्वास बत्तीस आहे."

सिस्टरांनी मान वर केली.

"मोजलास?"

"पूर्ण मिनिट."

सिस्टर लगेच खुर्ची सारून उठल्या. फोन उचलून डॉक्टरांना बोलावलं, आकडा सांगितला आणि "हो, मोजलेला आहे," एवढं म्हणून ठेवला. मग टेबलावरचं घड्याळ तिच्या हातात दिलं.

"चाकाची खुर्ची घेऊन चल. डॉक्टर येईपर्यंत दर पाच मिनिटांनी मोज आणि लिही."

खुर्ची पाहून बाबा कावरेबावरे झाले. तरी तिने काखेत हात घालून त्यांना अलगद बसवलं.

"अगं, पण गाडी?" त्यांनी विचारलं.

"गाडी जाऊ दे," ती म्हणाली आणि घड्याळाची पिन जुन्याच भोकांत घातली.