जास्तीच्या तीन मात्रा

माझी मुलगी अनुया आयरिश संगीताची डॉक्टर आहे. म्हणजे पीएचडी. खरा डॉक्टर मीच, असं मी चारचौघांत सांगतो आणि ती चारचौघांतच मला गप्प करते. नागपूरहून येऊन मी तीस वर्षं बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांवर उपचार केले. मुलगी आता त्याच म्हाताऱ्यांकडून जुन्या धुना गोळा करत फिरते. लहानपणी तिला व्हायोलिनच्या क्लासला घातलं ते चार राग तिच्या कानावर पडावेत म्हणून. तिनं ते व्हायोलिन उचललं, त्याला फिडल म्हणायला लागली आणि आयरिश पबात जाऊन बसली. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.

गेली दोन वर्षं ती डेलिया गेराटी नावाच्या बाईंकडे जात होती. डेलियाबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या, तरुणपणीच आयर्लंडहून इकडे आलेल्या. त्यांचे वडील गावात लग्नाकार्यात फिडल वाजवायचे. त्यांनी स्वतः बांधलेली दोन भागांची एक धून होती आणि आता ती डेलियाबाईंशिवाय कुणालाही येत नव्हती. बाईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यामुळे त्या वाजवत नसत, तोंडानं म्हणत: डिडल-डी, डा-डल-डी. आपल्याकडे तबल्याचे बोल म्हणतात तसंच. पहिला भाग अनुयानं उतरवून घेतला होता. दुसरा भाग बाईंना काही केल्या आठवत नव्हता.

"पहिल्या भागातसुद्धा त्यांचा बीट चुकतो," अनुया एकदा जेवताना म्हणाली. "मी फिडलवर नीट करून दाखवते, मग त्या तसं म्हणतात."

"सत्त्याऐंशी म्हणजे चालायचंच," मी म्हणालो. "स्मृतिभ्रंशाची सुरुवात असणार."

पेशंटला न बघता, वरणभात कालवता कालवता निदान! माझ्या एखाद्या ज्युनिअरनं हे केलं असतं तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

मग मार्चमध्ये डेलियाबाईंचा फोन आला. या बुधवारी शेवटचं ये, म्हणाल्या. धून माझ्या डोक्यातून गेली आहे, उगाच येऊन येऊन मला लाजवू नकोस. फोन ठेवल्यावर अनुया रडली. धून तिला पुस्तकासाठी हवी होती हे खरं, पण बाईंवर तिचा जीवही जडला होता. नेमकी तिची गाडी गॅरेजमध्ये पडलेली, म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं.

"बाबा, तुम्ही फक्त ड्राइव्ह करा," गाडीत बसताच ती म्हणाली. "मेडिकल काही बोलायचं नाही. आणि त्यांना टेस्ट वगैरे करायचं नाही, प्लीज."

"मी काय बोलतो कधी?"

तिनं खटकन सीटबेल्ट लावला.

डेलियाबाईंचा फ्लॅट बर्मिंगहॅममध्येच, अर्डिंग्टनला होता. बाई अंगानं काटकुळ्या, पण नीटनेटक्या. त्यांनी माझं नाव एकदाच ऐकलं आणि नंतर बरोबर उच्चारलं. अनुयाच्या गाडीचा क्लच बदलून झाला का विचारलं. चहात मला साखर चालत नाही हे तिनं कधीतरी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. मी मनातल्या मनात माझं निदान तपासू लागलो. काहीतरी जमत नव्हतं.

चहा झाल्यावर त्यांनी डोळे मिटून धून धरली. ती जिग होती, म्हणजे सहा मात्रांची नाचाची लय. तरुणपणी मी थोडाफार तबला बडवलेला, त्यामुळे बोटं आपोआप गुडघ्यावर दादरा धरू लागली: धा धी ना, धा ती ना. आठ आवर्तनं छान गेली. मग भाग संपता संपता बाई जरा लांबल्या आणि माझी सम चुकली.

"परत तेच झालं, डेलिया," अनुया हळूच म्हणाली आणि तिनं सरळ केलेला शेवट वाजवून दाखवला.

"हो गं. माफ कर," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला.

मला राहवलं नाही. "डेलियाबाई, पुन्हा म्हणा. अनुयाकडे बघू नका. वडील वाजवायचे तसं म्हणा."

अनुयानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीत जाऊन बसायलाच हवं होतं. पण बाईंनी म्हटलं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी नेमक्या तीन मात्रा जास्त, नेमक्या त्याच ठिकाणी.

तीस वर्षांत मी एवढं तरी नक्की शिकलो होतो की विसरणारा माणूस दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडखळतो.

"अनू, बाई चुकत नाहीयेत," मी मराठीत म्हणालो.

"बाबा, जिगच्या एका भागात आठच बार असतात, आठ आवर्तनं. एक्स्ट्रा हाफ बार कुठून येणार?"

"ते मला काय विचारतेस? त्यांना विचार."

दोन वर्षांत तिनं बाईंना हजार प्रश्न विचारले असतील. हा एकच राहिला होता. तो तिनं विचारला.

"माझे बाबा तसंच वाजवायचे," डेलियाबाई म्हणाल्या. "नाचणाऱ्यांचे पाय चुकायचे, ते शिव्या घालायचे, पण बाबा ऐकायचे नाहीत. मग तू आलीस. तू शिकलेली, पुस्तकं लिहिणारी. दर वेळी सरळ करून दाखवायचीस. मला वाटलं, मीच विसरत असेन."

मला माझीच लाज वाटली. एका घरातल्या दोन डॉक्टरांनी मिळून एका धडधाकट बाईला वेड्यात काढलं होतं.

"सॉरी, डेलिया," अनुया म्हणाली. तिनं फिडल हनुवटीखाली घेतलं आणि पहिल्यापासून वाजवलं, शेवटी त्या तीन मात्रांसकट. मी गुडघ्यावर ताल धरला नाही. डेलियाबाईंचा पाय मात्र जमिनीवर पडू लागला.

तीन मात्रा संपल्या, अनुयाचा गज थांबला, आणि बाई थांबल्या नाहीत. डिडल-डी करत त्या पुढेच गेल्या, वर चढल्या, मी कधी ऐकली नव्हती अशा जागेवरून खाली उतरल्या. दुसरा भाग! तो त्या तीन मात्रांवरूनच सुरू होत होता. सरळ केलेल्या शेवटावरून तो त्यांना कसा सापडणार? वाटच बुजवून टाकली होती आम्ही.

अनुयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तशीच वाजवायला लागली. दुसऱ्याच ओळीत डेलियाबाईंनी टेबलावर थाप मारली.

"चूक! परत."

पुढच्या तासाभरात माझी पीएचडी मुलगी अकरा वेळा चुकली. मी मोजलं. अकराही वेळा बाईंनी तिला जराही दयामाया न दाखवता थांबवलं आणि दर वेळी त्या थोड्या आणखी ताठ बसत गेल्या.

आम्ही कोट घालत असताना त्या दारापर्यंत आल्या.

"पुढच्या बुधवारी लवकर ये," त्या अनुयाला म्हणाल्या. "अजून तुझं फार कच्चं आहे."