मिटल्या डोळ्यांची वेळ

बदलापुरात कात्रप आणि शिरगावच्या शिवेवर निळ्या पत्र्याची एक शेड आहे, तिथे रोज सकाळी योगवर्ग भरतो. शेडच्या दारावर पाटी आहे : ‘येथे राजकारणावर चर्चा करू नये.’ पाटीच्या बरोबर वर, पाटीच्या चौपट मोठा, इथले पुढारी नितीनभाऊ यांचा हात जोडलेला फोटो. शेड भाऊंनी बांधून दिली, पंखे भाऊंनी लावून दिले, उल्हासनगर कॅम्प एकच्या बाजारातून घाऊक आणलेल्या जांभळ्या मॅटही भाऊंनीच वाटल्या. प्रत्येक मॅटच्या वरच्या कडेला मधोमध त्यांचं नाव छापलेलं आहे. मकरासनाला पालथं पडलं की माणसाचं नाक नेमकं त्या नावावर टेकतं. पण चर्चा करायची नाही.

पाटी मात्र भाऊंची नव्हे, रोहिणीची. वर्ग तिचा. आधी ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिकवायची, स्कूटर काढणाऱ्यांच्या शिव्या खात. तेव्हा तिच्यासमोर एकटी भारती बसायची. पुढे माणसं वाढली, आणि माणसं वाढली की भांडणं आलीच. मागच्या मोठ्या निवडणुकीत दोन गृहस्थ अनुलोम-विलोम करता करता असे जुंपले की एकाचा चष्मा फुटला. नाकपुडी एकच बंद होती, तोंडं दोन्ही उघडी. त्या दिवशी रोहिणीने पाटी रंगवून आणली, आणि खरं सांगायचं तर तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

वर्गाची आणखी एक रीत होती, आणि ती अख्ख्या अंबरनाथ-बदलापुरात दुसरीकडे कुठे नव्हती. शेवटी सगळ्यांनी मांडी घालून डोळे मिटायचे आणि ज्याच्या मनात काही असेल त्याने ते बोलून टाकायचं. कोण बोललं ते बघायचं नाही, नंतर विचारायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. रोहिणीने ‘हळूच डोळे उघडा’ म्हटल्याशिवाय कोणी पापणी हलवायची नाही. एकदा एक बाई शवासनात हुंदके देऊन रडली होती, तिची लाज राखायला ही रीत सुरू झाली. त्या वेळेत लोक काय काय बोलले! कोणाला स्वतःच्या मुलाची भीती वाटायची. कोणी मेलेल्या बायकोची माफी मागितली. त्या वेळी एकट्या रोहिणीचे डोळे उघडे असत. कोणीतरी राखण करायला हवी, असं ती म्हणायची. तिने कधी कोणाचं नाव उच्चारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर चाळीस मुठी झाकलेल्या होत्या.

भारती शेडच्या मागच्या गल्लीत राहायची, नाल्याला लागून. घरातच पोळीभाजी केंद्र चालवायची. बाई वांगणीकडच्या शेतकरी घरातली, हात लोखंडासारखे, बोलणं सरळ. जुलैमध्ये नाला उलटला आणि तिच्या घरात मांडीइतकं पाणी आलं. पिठाचे डबे तरंगत गल्लीत गेले. नाला काही आपल्या मनाने उलटला नव्हता. त्यात रात्री डंपरने भराव पडत होता, पलीकडच्या काठावर इमारत उठायची होती, आणि ती कोणाची हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गल्लीतल्या संतोष रिक्षावाल्याने त्या डंपरचा व्हिडिओ स्टेटसला टाकला. आठवड्याच्या आत त्याची रिक्षा दारात उभी जळाली. शॉर्टसर्किट झालं म्हणे. तेव्हापासून संतोष कोणाशी बोलत नाही, आणि गल्लीतल्या कोणाच्याच फोनमध्ये डंपरचा फोटो नाही.

गणपतीनंतर डंपर पुन्हा सुरू झाले. एका सकाळी वर्गाआधी भारती चप्पल काढता काढता हळूच म्हणाली, “ताई, मी आज तिथं बोलू का? डोळे मिटल्यावर?”

“काय बोलणारेस?”

“नाल्याचं. पोटात ठेवून ठेवून जड झालंय. इथं एवढी शिकलेली मानसं येतात, कोनी वकील हाय, कोनी बँकेत हाय. कोनाला तरी वाटंल.”

रोहिणीने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा वरच्या फोटोकडे. मग तिला पार्किंगमधली ती एकटी बसलेली भारती आठवली. “बोल,” ती म्हणाली. “तिथे कोणी बघत नाही. मी आहे ना.”

मी आहे ना. तीन शब्द, आणि ते उच्चारायला पैसे पडत नाहीत. म्हणून तर माणूस ते इतक्या सहज देऊन बसतो.

शेवटी सगळ्यांनी डोळे मिटले. भारती बोलली. आवाज पत्र्याखाली घुमून वेगळाच वाटत होता, पण शब्द स्पष्ट होते. “नाल्यात भराव टाकतायत. पावसात आमच्या घरात पानी आलं, पुढच्या टायमाला मानूस जाईल. जे टाकतायत त्यांच्याच शेडमध्ये बसून आपन श्वास सोडतोय.”

कोणी हललं नाही. पण रोहिणीला दिसलं, कितीतरी चेहऱ्यांवर मिटलेल्या डोळ्यांच्या कडा आवळल्या गेल्या. भारतीच्या आजूबाजूच्या तीनचार जणींनी आवाज ओळखलाच असणार. बाकीच्यांना दिशाही कळली नसेल.

वर्गानंतर काढा पिताना जे कधी होत नसे ते झालं. कोणी बोललं ते नाही, पण काय बोललं ते चघळलं गेलं.

“मॅडम, हे पॉलिटिक्स झालं,” पहिल्या रांगेतले महिपतीकाका म्हणाले. निवृत्त माणूस, कानाला मशीन, भाऊंच्या प्रत्येक सत्काराला पुढच्या खुर्चीत. “आपण इथे मनःशांतीसाठी येतो ना? मग नाला कशाला?”

“काका, घरात पाणी शिरलं तर तेही पॉलिटिक्स?” किर्तीने विचारलं. ती बँकेत होती आणि तिला बोलताना घड्याळाकडे बघायची सवय होती.

“पाणी नाही गं. पण नाव आलं की झालं पॉलिटिक्स.”

“नाव कुठे आलं? कोणी घेतलंच नाही.”

“सगळ्यांना कळलं ना कोणाचं ते? मग आलंच की!”

यावर किर्ती हसली, आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन गप्प झाली. बाकीचे पेल्यात बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. सगळ्यांनी रोहिणीकडे पाहिलं. पाटी तिची होती, निकाल तिनेच द्यायचा.

“जे आत बोललं जातं ते आत राहतं,” रोहिणी म्हणाली. “एवढाच नियम.” तिला वाटलं, आपण मोठं शहाणपणाचं बोललो. खरं तर ती दोन दगडांवर पाय ठेवून उभी होती, आणि तिचं तिलाही ते कळत होतं.

दुपारी नितीनभाऊंच्या ऑफिसातून रूपेशचा फोन आला. रूपेश म्हणजे भाऊंची सावली. भाऊ बोलायचे, हा ऐकायचा; आणि पुढचं जे काही व्हायचं ते भाऊंना कधी बोलावं लागत नसे.

“मॅडम, भाऊ उद्या क्लासला येतायत.”

“का हो? काही कार्यक्रम आहे का?”

“कार्यक्रम कसला? योगा करायला. टेन्शन बहुत आहे ना इलेक्शनचं.” मग रूपेश मुद्द्यावर आला. “मॅडम, ते तुमचं डोळे बंद करून बोलतात ते असतं ना शेवटी? ते ठेवा हां. भाऊंना त्याचंच कौतुक वाटलं.”

म्हणजे बाहेर गेलं होतं. महिपतीकाकांनीच नेलं असणार. पण त्यांना मशीनमधून शब्द ऐकू येतात, दिशा नाही. नाव त्यांच्याकडे नव्हतं. संध्याकाळी रोहिणी भारतीच्या घरी गेली. भारती पोळ्या लाटत होती, भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ तिच्या मांडीच्या उंचीवर होती.

“उद्या येऊ नकोस,” रोहिणी म्हणाली.

“का?”

“भाऊ येणारेत.”

भारतीने पोळी उलटली. “मग तर यायलाच पायजे. न आले तर लगेच कळंल ना, कोन बोललं ते.”

हे रोहिणीच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच होतं ते. जिची मॅट रिकामी तीच बोलणारी. “मग ये. पण काही बोलू नकोस. काहीही झालं तरी.”

“न्हाई बोलत. तुम्ही सांगाल तसं.”

दुसऱ्या दिवशी भाऊ वेळेआधीच हजर. पांढरा ट्रॅकसूट, गळ्यात नॅपकिन, सगळ्यांना वाकून नमस्कार. कोणाच्या गुडघ्याची चौकशी केली, कोणाच्या मुलीच्या बारावीची. आसनं मनापासून केली, जमलं नाही तिथे स्वतःवरच हसले. माणूस गोड होता, हे कबूल करायला हवं. अशा माणसांना रागवायला वेळ लागत नाही आणि हसायलाही लागत नाही, म्हणून त्यांच्या हसण्याची जास्त भीती बाळगावी. रूपेश आत आलाच नाही. चपलांच्या स्टँडपाशी उभा राहून मोबाइल बघत होता.

शेवटी सगळ्यांनी मांडी घातली, डोळे मिटले. भाऊंनीही मिटले. शेडमध्ये पंख्यांचा आवाज राहिला. रोहिणी मनातल्या मनात म्हणत होती, लवकर संपू दे.

“मी बोलू का?” भाऊ म्हणाले. डोळे मिटलेलेच, आवाज लोण्यासारखा. “मला कळलं, इथल्या कोणाच्या तरी घरात पाणी आलं. ऐकून झोप नाही लागली मला. आपला माणूस त्रासात आणि आपल्याला पत्ता नाही? लाज वाटली. बोलायला संकोच वाटत असेल तर बोलू नका. ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांनी फक्त हात वर करा. मी बघत नाहीये, कोणीच बघत नाहीये. मॅडम बघतील आणि मला सांगतील. मी उद्याच जेसीबी पाठवतो, नाला मोकळा करतो. शब्द देतो.”

पंखे फिरत राहिले. रोहिणीने भारतीकडे पाहिलं. नको, नको, नको. तिचा हात मांडीवरून सुटला, हवेत थबकला, आणि वर गेला. हावरेपणाने नाही. जेसीबी म्हटल्यावर बुडालेल्या घरातल्या बाईचा हात जसा जाईल तसाच गेला.

बोलू नकोस, एवढंच रोहिणीने सांगितलं होतं. आणि भारती बोलली नव्हती.

दाराशी हालचाल झाली. रूपेश पाटीखाली उंबऱ्यावर उभा होता, मोबाइल छातीशी आडवा धरून. डोळे मिटायचा नियम आतल्यांना होता. तो तर बाहेर होता. त्याचा मोबाइल एका टोकाकडून हळूहळू सरकत भारतीच्या रांगेकडे येत होता.

रोहिणीला विचार करायला सवड नव्हती. तोंडातून जे रोज निघायचं तेच निघालं, फक्त मोठ्याने. “सगळ्यांनी दीर्घ श्वास घ्या, उजवा हात वर! डोळे मिटलेले. हात वर, ताणून धरा, मी सांगेपर्यंत खाली नाही!”

आणि चाळीस हात वर गेले. इतक्या वर्षांची सवय होती ती. विचार न करता गेले. महिपतीकाकांचासुद्धा गेला. रूपेशचा मोबाइल जागच्या जागी थांबला. एक क्षण रोहिणीला खरंच वाटलं की वाचलो.

भाऊंचे हात मात्र मांडीवर होते. त्यांनी डोळे उघडले, त्या हातांच्या जंगलावरून नजर फिरवली आणि रोहिणीकडे बघून छान हसले. मग उठले. गुडघे कटकट वाजले.

“अरे बापरे,” ते मोठ्याने म्हणाले. “सगळ्यांचंच घर बुडालं? मला कल्पनाच नव्हती. रूपेश, आत ये. एकेकाचं नाव आणि बिल्डिंग लिहून घे रे. प्रत्येकाकडे जातीने लक्ष द्यायचंय. हात वर आहेत त्या सगळ्यांकडे.”

डोळे उघडले. रोहिणीने सांगायच्या आत उघडले, वर्गाच्या आयुष्यात पहिल्यांदा.

“भाऊ, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो,” महिपतीकाका म्हणाले. त्यांचा हात केव्हाच खाली आला होता. “मॅडम म्हणाल्या म्हणून वर केला.”

“मी पण,” मागून कोणी म्हणालं. “आसन समजून.”

“आमच्याकडे कुठे पाणी? नाही हो.”

किर्तीचा हात सगळ्यांत जास्त वेळ टिकला. तिने घड्याळाकडे पाहिलं, जणू उशीर झाल्यासारखं, आणि मनगट तसंच खाली नेलं. हात उतरत गेले, एकामागून एक, कोणी कोणाकडे न बघता. रोहिणीला ओरडायचं होतं, थांबा, मी अजून सांगितलेलं नाही. पण वर्षानुवर्षं ‘शांत व्हा’ म्हणणाऱ्या गळ्यातून ओरडणं निघेना.

शेवटी एकच हात राहिला. भारती डोळे घट्ट मिटून बसली होती, पाठ ताठ, हात सरळ छताकडे. पोळ्या लाटून मजबूत झालेला तो हात जराही थरथरत नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते. रूपेश चपला न काढता मॅटवरून चालत तिच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याने मोबाइल वर केला.

रोहिणीने आपला हात वर केला. पण तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

“ताई,” भारती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, “हात खाली घेऊ का? तुम्ही सांगितल्याशिवाय न्हाई घेत मी.”