उतावीळ नळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे, अंगठ्याएवढी. स्वस्थ बसणं मला जन्मापासून ठाऊक नाही. एका दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात माझ्यासारख्या शेकडो नळ्या होत्या. विश्वात कृष्णद्रव्य आहे म्हणतात, पण ते दिसत नाही. त्याचे कण एकमेकांवर आपटले तर गॅमा किरण निघत असावेत, असा शास्त्रज्ञांचा कयास. ते किरण आपल्या हवेत शिरले की क्षणभर निळा प्रकाश चमकतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो टिपायचा, हे आमचं काम.

आमच्या शास्त्रज्ञ बाई नऊ वर्षं एका फिकट दीर्घिकेच्या मागे होत्या, तिच्यात कृष्णद्रव्य ठासून भरलंय म्हणून. पद्धत ठरलेली. आधी वीस मिनिटं दीर्घिका, मग वीस मिनिटं शेजारचं रिकामं आकाश, मग दोन्हींची वजाबाकी. आणि नवव्या वर्षी दीर्घिकेकडून खरंच थोडे जास्त किरण आले! बाईंनी लगेच फोन लावला. "आई, सापडलं बहुतेक!"

सगळे कॅमेऱ्याचं कौतुक करू लागले. मी मात्र तळमळत होते. चोराच्या मनात चांदणं! रोज रात्री झाकण उघडून वीज सुरू केली की पहिली वीस मिनिटं मी आणि माझ्याच खोक्यातून आलेल्या पाच बहिणी फार उतावीळ असायचो. काही न दिसताच "दिसलं, दिसलं" करायचो. पण हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

आमची खोड ओळखली ती दुरुस्तीवाल्या काकांनी.

"बाई, एकदा उलटं करून बघा. आधी रिकामं आकाश, मग दीर्घिका."

"काका, लेख पुढच्या आठवड्यात पाठवायचाय!"

"म्हणून तर आत्ता सांगतोय. मागाहून हात चोळत बसाल."

बाई दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाल्या, "करा उलटं."

या खेपेला जास्तीचे किरण रिकाम्या आकाशात "सापडले". नऊ वर्षांच्या कष्टांवर पाणी पडलं. बाई आधी हसल्या, मग खुर्चीत बसून हमसून हमसून रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेख गेला नाही. आम्हा सहाजणींना काढलं आणि शोध पहिल्यापासून सुरू झाला.

आता मी बाईंच्या टेबलावर, पेनांच्या डब्यात असते. मित्रांनो, यंत्रांची काच जरूर पुसा, पण यंत्रं तुमच्या मनासारखं बोलू लागली की त्यांना एकदा उलटूनही विचारा. मला वेळीच कुणी विचारलं असतं तर!

दर रविवारी बाईंची आई फोनवर विचारते, "सापडलं का गं?"

बाई मला बोटांत फिरवत म्हणतात, "नाही गं आई. पण हे 'नाही' खरं आहे."